व्हर्लिनचा पहिला नकार

लास वेगासला आल्याच्या पहिल्याच संध्याकाळी व्हर्लिन हॉगस्टॅडच्या तोंडून एक वाक्य निसटलं आणि पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं. वाक्य तसं साधं होतं. "पोकरमध्ये जिंकलो ना, की तुला वर जेवायला नेतो."

वर म्हणजे हॉटेलच्या शेवटच्या मजल्यावर. तिथं भाजलेल्या मांसाचा अख्खा तुकडा चाकांच्या गाडीवरून तुमच्या टेबलाशी आणतात आणि तुमच्यासमोर कापतात. लिफ्टमध्ये त्याचं मोठं चित्र लावलं होतं. व्हर्लिनची बायको आर्लिस लिफ्टमध्ये शिरली की बरोबर त्या चित्राकडे तोंड करून उभी राहायची. बोलायची काही नाही. पण चाळीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याला बायकोचं न बोललेलंच जास्त ऐकू येतं.

वाक्य बोलताना व्हर्लिन निर्धास्त होता. तो आयुष्यात कधी काही जिंकला नव्हता. (गावच्या चर्चच्या सोडतीत एकदा त्याचा नंबर लागला होता, पण मागची बाई हळहळली म्हणून त्यानं चिठ्ठी तिलाच देऊन टाकली.) आणि तो खेळायचा त्या टेबलावर पैसेही इतके किरकोळ लावायचे असत, की जिंकून जिंकून जिंकणार किती? तर दोघं रोज खालच्या काउंटरवर सूप पीत होती आणि सहल संपत आली होती. शेवटच्या दिवशी मात्र आर्लिसनं परस्पर वरचं टेबल राखून ठेवलं. संध्याकाळी साडेपाचचं, कारण त्यांच्या मिनेसोटातली सभ्य माणसं साडेपाचलाच जेवतात.

"जिंकलास तर जाऊ, नाही तर फोन करून नको म्हणून सांगू," ती म्हणाली आणि बॅगेतून निळा ड्रेस काढून खुंटीला लावला. हा ड्रेस तिनं खास या सहलीसाठी शिवून घेतला होता आणि अजून त्याची घडीही मोडली नव्हती. तो न घालताच परत घरी न्यायचा, हे व्हर्लिनला पटेना. आता जिंकणं भाग होतं.

इथं त्यांच्या गावची एक रीत सांगायला हवी, नाही तर पुढचं काही कळायचं नाही. त्या बर्फाळ मुलखात कुणी कॉफी विचारली तर पहिल्यांदा "नको" म्हणायचं. दुसऱ्यांदा "छे छे, उगाच त्रास कशाला" म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, तुमचा एवढा आग्रहच असेल तर अर्धा कप" म्हणायचं, आणि यजमानानं पूर्ण कप भरायचा. पहिल्याच फटक्यात हो म्हणणाऱ्याबद्दल गावात वर्षभर बोललं जातं. खुद्द आर्लिसनं लग्नाला दोनदा नकार दिला होता. गोठलेल्या तळ्यावर मासे धरता धरता व्हर्लिननं तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा म्हणाली, "तुझा एवढा आग्रहच असेल तर." मग दोघं आणखी मासे धरून घरी गेली.

अशी ही बर्फात आणि भिडेत गोठलेली माणसं. आणि व्हर्लिन जाऊन बसला पोकरच्या टेबलावर!

पानं वाटायला डिव्हिना नावाची चटपटीत बाई होती. व्हर्लिनच्या डावीकडे ओपल नावाची पार वाकलेली म्हातारी, कोपराला रफू केलेला स्वेटर घालून. समोर फ्रेस्नोहून आलेला रूडी, धंद्यानं प्लंबर, अंगानं दरवाजाएवढा. दुसऱ्याच डावात व्हर्लिनच्या हाती एक्क्यांची जोडी आली. आनंदानं त्याचे कान लाल झाले. तेवढ्यात पाळी त्याची असताना ओपलचा हात चुळबुळला.

"तुम्हाला घाई दिसते, बाई," व्हर्लिन अदबीनं म्हणाला. "घ्या ना, तुम्हीच घ्या." आणि तिला जागा व्हावी म्हणून त्यानं आपली पानं जरा पुढं सरकवली.

डिव्हिनानं ती झटकन उचलून टाकलेल्या पानांत मिसळली. उचलताना एक पान उलटं झालं. एक्का!

"अहो, ती माझी..." व्हर्लिन म्हणाला.

"घ्या म्हणालात, पानं पुढं ढकललीत. म्हणजे डाव सोडलात. इथं बोललेला शब्द पक्का असतो, साहेब."

"हो हो, माझंच चुकलं. माफ करा हं." त्यानं डिव्हिनाची माफी मागितली, मग ओपलची, आणि हात लागलाच म्हणून पाण्याच्या ग्लासाचीही.

रूडी मात्र खुर्चीत ताठ झाला होता. "एक्का टाकला," तो शेजाऱ्याच्या कानात पुटपुटला. "हसत हसत टाकला. हा माणूस साधा नाही."

तिथून व्हर्लिनचं नशीब उघडलं, आणि का उघडलं ते त्याला शेवटपर्यंत समजलं नाही. एका डावात रूडीनं पैशांऐवजी लावायच्या चकत्यांची मोठी रास पुढं लोटली. व्हर्लिनला खरोखरच वाईट वाटलं. "अहो, एवढे कशाला घालता? घरी मुलंबाळं असतील." रूडीच्या कपाळावर घाम आला. तो एकदा पानांकडे बघे, एकदा व्हर्लिनच्या निरागस चेहऱ्याकडे बघे. शेवटी त्यानं पानं फेकली. व्हर्लिनकडे होत्या दोन तिर्र्या.

"सॉरी हं," व्हर्लिन चकत्या ओढत म्हणाला.

"बघितलंत?" रूडी टेबलाला म्हणाला. "मारतो आणि वर सॉरी म्हणतो!"

पुढच्या एका डावात त्यानं व्हर्लिनला सरळच विचारलं, "काका, खरं सांगा, काय आहे हातात?" कुणी विचारलं तर खोटं कसं बोलायचं? "सत्ती आणि दुर्री," व्हर्लिन म्हणाला. याहून भिकार पानं पोकरमध्ये नाहीत. रूडीनं जोरजोरात मान हलवली, "इतका कच्चा नाही मी" म्हणाला आणि डाव सोडून दिला. व्हर्लिननं पानं उलटी करून दाखवली. सत्ती आणि दुर्री! रूडीनं टोपी काढून मांडीवर ठेवली. "आजपासून तुम्ही माझे गुरू, काका."

पाचच्या सुमाराला निळा ड्रेस घालून आर्लिस आली. इतकी सुरेख दिसत होती की व्हर्लिन स्वतःची पाळी विसरला. डिव्हिनानं तिला व्हर्लिनच्या मागं खुर्ची दिली. व्हर्लिनपुढचा ढीग वरच्या जेवणाला पुरत होता, फक्त शेवटच्या गोडाला कमी पडत होता.

"मला गोड नको," आर्लिस हळूच म्हणाली. "चल, ऊठ."

आता हा पहिला नकार. पहिल्या नकाराचा अर्थ व्हर्लिनला चाळीस वर्षं ठाऊक होता. बिचारीला गोड हवंय! "एकच डाव," तो म्हणाला आणि बसून राहिला.

त्या डावात त्याच्या हाती दोन राजे आले आणि टेबलावर सगळ्यांसाठी मांडतात त्या पानांत तिसरा उघडला. तीन राजे, आणि त्यांना हरवील असं काही टेबलावर दिसेना. बाकीचे एकेक करून बाहेर पडले. उरली ओपल. व्हर्लिनचा बराचसा ढीग बघता बघता मधे गेला. आणि शेवटचं पान उघडल्यावर ओपलनं आपल्या होत्या नव्हत्या तेवढ्या चकत्या पुढं ढकलल्या. तिचे हात थरथर कापत होते.

व्हर्लिनला ते हात दिसले. मग स्वेटरचं रफू दिसलं. म्हातारीचं सगळं पेन्शनच त्या ढिगात असणार! मागं निळ्या ड्रेसची सळसळ ऐकू येत होती, तीही त्यानं ऐकली. पण एका म्हातारीच्या तोंडचा घास काढून वर जाऊन मांस खायचं? ते गळ्याखाली उतरलं असतं का?

"तुम्हीच घ्या, बाई," तो म्हणाला आणि पानं पालथी टाकली.

ओपलनं आपली पानं उघडी केली. नव्वी आणि तिर्री. कशाचा कशाला मेळ नाही. टेबलावर एकच हशा पिकला.

"म्हणजे काकांकडे त्याहून काही नव्हतं!" रूडी म्हणाला.

"तीन राजे होते," मागून आर्लिस म्हणाली.

हसू जागच्या जागी थांबलं. ओपलनं चष्मा वर केला. "तीन राजे? मग सोडलंत का हो?"

"नाही... तुमचे शेवटचे होते ना. हात कापत होते तुमचे."

"अहो भल्या माणसा," ओपल म्हणाली, "माझ्या नवऱ्यानं मागं तीन मोटेलं ठेवलीत. माझे हात कापतात ते पानं वाईट असली की. चांगली असली की खिळ्यासारखे घट्ट असतात. साऱ्या टेबलाला ठाऊक आहे." ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिचा आवाज बदलला. "तीस वर्षं बसतेय या खोलीत. माझी दया येऊन राजे टाकणारा माणूस पहिल्यांदा बघतेय. रोज खेळते म्हणून हे हॉटेलवाले मला वर फुकट जेवू घालतात. चला आज माझ्याबरोबर. दोघंही."

व्हर्लिनच्या तोंडाला पाणी सुटलं. आणि त्याच तोंडानं तो म्हणाला, "छे छे, उगाच तुम्हाला त्रास कशाला!"

"बरं," ओपल म्हणाली. "आणि तुम्ही, बाई?"

"येते," आर्लिस म्हणाली.

पहिल्याच खेपेला! व्हर्लिननं गर्रकन मान वळवली. जिला लग्नाला तीनदा विचारावं लागलं ती हीच बाई? ताठ मानेनं, मुद्दाम शिवलेल्या निळ्या ड्रेसमध्ये, भर टेबलासमोर सरळ "येते" म्हणणारी? आपली बायको एवढ्या हिमतीची आहे आणि आपल्याला पत्ताच नाही! त्याचा ऊर अभिमानानं भरून आला. मग पोटानं त्याला भानावर आणलं.

"म्हणजे, तुमचा एवढा आग्रहच असेल तर..." त्यानं सुरुवात केली.

"माझा कुठं आग्रह आहे?" ओपल म्हणाली. "नको म्हणालात ना तुम्ही?"

व्हर्लिननं आशेनं डिव्हिनाकडे पाहिलं. तिनं पानं पिसता पिसता नुसती मान हलवली. "शब्द पक्का, साहेब."

दोघी लिफ्टपाशी गेल्या. व्हर्लिन मागोमाग गेला, सोडायला म्हणून. दार उघडल्यावर आर्लिस थबकली. "व्हर्लिन, तुझं काय रे? चल की तूही, मी सांगते त्यांना."

आता साडेपाच वर्षांचं पोरही इथं हो म्हणालं असतं. "नको नको, माझी कसली काळजी करतेस?" व्हर्लिन म्हणाला आणि दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघू लागला.

"बरं तर," आर्लिस म्हणाली. या वेळी ती चित्राकडे न बघता दाराकडे तोंड करून उभी राहिली होती आणि हसत होती. दार मिटलं.

खालच्या काउंटरवर सूप वाढणाऱ्या मुलीनं वाडगा पुढं केला. व्हर्लिनला आता शहाणपण आलं होतं. ती "कांदा" म्हणायच्या आत त्यानं "हो!" म्हटलं. "हिरवी मिर..." "हो!" "लाल तिखट..." "हो, हो!" ज्या माणसाला घरी मिरपूड सोसत नाही त्यानं पहिला चमचा तोंडात घातला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा धारा लागल्या. नाक वाहू लागलं. शब्द फुटेना.

तेवढ्यात रूडी मित्राला घेऊन तिथून चालला होता. त्यानं व्हर्लिनला पाहिलं आणि मित्राला कोपरानं ढोसलं.

"हेच ते काका," तो आदरानं कुजबुजला. "बघ, बघ. कुणालाही वाटेल, की हा माणूस खरंच रडतोय!"