तुमच्याकडं दगड कसा हाय?

कंधारच्या तहसील कचेरीत मी कारकून म्हणून रुजू झालो, त्या वर्षी दुष्काळ होता. नव्या माणसाला जो तो एकच विचारायचा, तुमच्या गावाकडं पाणी कसं आहे? शिपायापासून तहसीलदारांपर्यंत सगळ्यांचं विचारून झालं. मग कोपऱ्यातल्या टेबलावरून एक सडपातळ माणूस उठला. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, हाताची बोटं सुताराची असावीत तशी राठ. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला आणि आपुलकीनं म्हणाला, "तुमच्याकडं दगड कसा हाय?"

"कसला दगड?"

"कसला म्हंजे? चढायचा."

मी परभणीचा. आमच्याकडं सगळी काळी माती, असं मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडं घरात काही वाईट घडल्यासारखं पाहिलं आणि मला स्वतःच्या पैशानं चहा पाजला.

हे मन्मथअप्पा. कचेरीत त्यांच्याइतकं स्वच्छ अक्षर कुणाचं नव्हतं आणि कुठली फाईल कुठं आहे हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. पण गावात ते मशहूर होते ते येडे म्हणून. दर रविवारी पहाटे सायकलच्या कॅरिअरला विहिरीचा जाड दोर बांधायचे, पिशवीत भाकरी घ्यायचे आणि गावाबाहेर आठ मैलांवर एक माळ होता तिकडं निघायचे. त्या माळावर घराएवढाले धोंडे पडलेले होते. अप्पा त्यांच्यावर चढायचे. एवढंच. वर देऊळ नव्हतं, मधाचं पोळं नव्हतं. सुरुवातीला गावातल्या दोघा-तिघांना वाटलं की यांना निजामाच्या वेळचं गुप्तधन सापडलंय. ते दोन रविवार लपत लपत मागं गेले आणि तिसऱ्या रविवारपासून घरी झोपले.

प्रत्येक धोंड्याला त्यांनी नाव दिलं होतं. सावली देणारी ती मावशी. वरून गुळगुळीत आणि कुठंच धरू न देणारा तो सासरा. सगळ्यात उंच आणि सगळ्यात अवघड तो तहसीलदार. सोमवारी सकाळी अप्पा टेबलाशी बसल्या बसल्या मला हकीकत सांगायचे. एका सोमवारी म्हणाले, "जोशी, काल तहसीलदाराच्या डोक्यावर बसून भाकर खाल्ली."

नेमके त्याच वेळी बदलून आलेले नवे तहसीलदार दारात उभे होते.

आत बोलावणं आलं. मी साक्षीदार म्हणून बरोबर गेलो. अप्पा जराही गडबडले नाहीत. म्हणाले, "साहेब, ते तुमी न्हाई. तो दुसरा हाय. लई चांगला हाय तो." साहेबांनी दोन दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी एक जुनी फाईल हवी झाली, मग पुन्हा सुरू केलं.

नोकरीचं गाव कसं असावं याबद्दल अप्पांचं मत पक्कं होतं. बदलीचा हुकूम आला की लोक शाळा बघतात, दवाखाना बघतात, घरभाडं विचारतात. अप्पा आधी जाऊन धोंडे बघून यायचे. कंधारच्या आधी ते हदगावला होते. तिथले दिवस आठवले की त्यांचा आवाज खाली जायचा. "तीन वर्षं काढली मी तिथं. निस्ता कापूस. दोन पुरुष खोल खणलं तरी पाय ठेवायला खडा न्हाई." शेवटी राहवेना म्हणून एका संध्याकाळी ते जिनिंगच्या आवारात रचलेल्या कापसाच्या गाठींवर चढले. वॉचमननं खालून काठी आपटली आणि ताबडतोब उतर म्हणाला. अप्पांनी वरूनच त्याला शांतपणे समजावलं की चढण्यापेक्षा उतरणं अवघड असतं, त्याला वेळ द्यावा लागतो. वॉचमननं वेळ दिला. तेवढ्या वेळात तो मालकाला घेऊन आला.

दुष्काळी कामं सुरू झाली तेव्हा खडी फोडायला जागा ठरली ती नेमकी अप्पांच्या माळाची. अप्पांनी रात्रीचा दिवस करून टिपण लिहिलं. "सदरहू धोंडे फोडण्यास अयोग्य असून मजुरांस अपाय होण्याचा संभव आहे" अशी त्याची सुरुवात होती. साहेबांना हसू आवरेना. पण टिपणात पुढं अप्पांनी दुसरी टेकडी सुचवली होती. ती गावाला जवळ होती, तिथं चार झाडं होती आणि एका विहिरीला अजून पाणी होतं. कामावरच्या बायकांची अर्धी पायपीट वाचणार होती. साहेबांनी हसत हसत सही केली. माळ वाचला.

अशात लातूरचा वेगळा जिल्हा झाला. नव्या कचेऱ्या उघडणार, जाणती माणसं हवीत, ज्यांची यायची तयारी असेल त्यांनी कळवावं, असं पत्र फिरलं. ज्यांना जायचं होतं त्यांनी त्याच दिवशी अर्ज लिहिले. अप्पांना तर तिथं अव्वल कारकुनाची जागा मिळत होती आणि वहिनींचं, म्हणजे शिवकांताबाईंचं माहेरही तिकडचंच. अप्पांनी विचार करायला पंधरा दिवस मागितले.

मग एका सुट्टीच्या दिवशी ते मला बरोबर घेऊन लातूर बघायला गेले. गोलाईत, तिथल्या गोल बाजारपेठेत, फिरलो. भरलेली दुकानं, हमालांची घाई, रंगाचा वास न गेलेल्या नव्या पाट्या. मला गाव फार आवडलं. अप्पा मात्र दुकानादुकानात शिरून विचारत होते, "हितं जवळपास दगड कुठं हाय?" एका व्यापाऱ्यानं विचारलं, खडी पाहिजे की मुरूम? दुसऱ्यानं आम्हाला पाटे-वरवंटे विकणाऱ्या बाईकडं पाठवलं. अप्पांनी तिच्याशीही बराच वेळ बोलून घेतलं. हा दगड आणता कुठून, तिथं उभे कडे आहेत का. ती म्हणाली, "दादा, पाटा घ्यायचा का न्हाई?" येताना आमच्याकडं एक पाटा होता.

परतण्याआधी ते एका कॉलेजच्या फाटकाशी थांबले. शिपायाला विचारलं, पोरींना विज्ञानाला घेतात का, प्रयोगशाळा कशी आहे. त्यांची मुलगी महानंदा तेव्हा दहावीला होती, त्यामुळं मला त्यात नवल वाटलं नाही. बसमध्ये ते पाटा मांडीवर घेऊन बसले होते. कंधार जवळ आल्यावर म्हणाले, "नोकरी हाय. कॉलेज हाय. दगड न्हाई."

पंधरा दिवस संपायला एक दिवस उरला तो रविवार होता. साहेब म्हणाले, जोशी, जाऊन त्यांना हो की नाही ते विचारून या. मी सायकल काढली आणि पहिल्यांदाच त्या माळावर गेलो.

अप्पा तहसीलदाराच्या पायथ्याशी उभे होते. एका गुडघ्याला फडकं गुंडाळलेलं, दोर कमरेभोवती घेऊन दोन्ही हातांनी धरलेला. तो दोर वर जात होता. मी मान वर केली. अर्ध्याच्याही वर, उभ्या धोंड्याला चिकटून महानंदा होती. अंगात बापाची जुनी पँट, वेणी शर्टाच्या आत खोचलेली. एका हातानं ती वरची खाच चाचपत होती.

मी काही बोलणार तेवढ्यात अप्पा माझ्याकडं न बघता म्हणाले, "आवाज करू नका. अवघड जागेला हाय ती."

तिची बोटं खाचेत बसली. एक पाय वर आला, मग दुसरा. धोंड्याच्या माथ्यावर जाऊन ती बसली आणि खाली बघून म्हणाली, "अप्पा, दोर सोडा जरा. काचायलाय."

तेव्हा कुठं अप्पांनी श्वास सोडला. आम्ही मावशीच्या सावलीला बसलो.

"गुडघे गेले माझे, दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "आता तीच चढती. मी सोमवारी निस्त्या गप्पा मारतो."

"पण अप्पा, गावात तर सगळे तुम्हालाच..."

"म्हणू द्या की. पोरीचं नाव झालं तर उद्या सोयरिकीला लोक दहा गोष्टी इचारतील. तिच्या आईला त्याचाच घोर लागून राहिलाय. म्या आधीचाच येडा हाय. त्यात अजून काय वाढणार?"

मला लातूरचे ते सगळे दुकानदार आठवले. दगड कुणासाठी शोधत होतो हे माझ्या लक्षात आलं.

"हितं कॉलेज धड न्हाई आन् तिथं दगड न्हाई," अप्पा म्हणाले. "काय लिहून देऊ साहेबांना?"

महानंदा उतरून आली होती. खरचटलेले हात पँटीला पुसत, धोंड्याकडं मान उडवून म्हणाली, "लातूर लिवा. हा काय पळून चाललाय का?"

सोमवारी अप्पांनी लातूर लिहून दिलं.

पुढं त्यांची कार्डं यायची, तीही कचेरीच्या भाषेत. "जळकोटकडील डोंगर समक्ष पाहिले. दगड भुसभुशीत आहे. तूर्त भागते." याचा अर्थ दर रविवारी बापलेक बसनं जळकोटला जात होते. पुढं कळलं की वहिनीही जातात. त्या डोंगराच्या पायथ्याशी बसून शेंगा निवडतात आणि वर अजिबात बघत नाहीत.

महानंदा इंजिनिअर झाली. तिला दोन ठिकाणांहून बोलावणं आलं त्याच आठवड्यात मी कामानिमित्त लातूरला होतो. एक सरकारी नोकरी लातुरातच, घरापासून चालत दहा मिनिटांवर. दुसरी हैदराबादच्या एका कारखान्यात. काका, मामा, शेजारी, सगळे लातूर म्हणत होते. ती म्हणाली, अप्पा सांगतील तसं. अप्पा काहीच सांगेनात. त्यांनी चार दिवसांची रजा टाकली, लातूर रोड स्टेशनहून गाडी पकडली आणि कुणाला न सांगता निघून गेले.

ते परत आले तेव्हा मी त्यांच्याच घरी जेवून बसलो होतो. लंगडत आत आले. दोन्ही तळहात सोलवटलेले, गुडघा टम्म सुजलेला.

"पडलात की काय?" वहिनींनी विचारलं.

"पडलो न्हाई. चढलो."

"ह्या वयात?"

"खालून बघून काय कळतंय?"

मग ते भिंतीला टेकून बसले आणि महानंदाला म्हणाले, "कारखान्यापासून बसनं वीस मिनिटं. घराएवढाले धोंडे हायत, मोजून सरत न्हाईत. खरखरीत हाय दगड, पाय घसरत न्हाई. आन् ऐतवारी तिथं पोरं येतात दोर घेऊन. पोरीबी येतात. कुणी उभं राहून बघत न्हाई." आणि शेवटी म्हणाले, "एका पोरीला तुझं नाव सांगून आलोय."

वहिनी आत गेल्या आणि बऱ्याच वेळानं चहा घेऊन बाहेर आल्या.

अप्पांनी कप उचलायला हात पुढं केला, पण बोटं मिटेनात. महानंदा उठून त्यांच्याजवळ बसली. तिनं चहा बशीत ओतला, फुंकर घातली आणि बशी त्यांच्या ओठांशी धरली. एरवी दोन घोटांत चहा संपवणारा हा माणूस तो चहा फार सावकाश प्यायला.

बशी रिकामी झाली. ती उठायला लागली तेव्हा अप्पा म्हणाले, "अजून थोडा दे."