ओल्डमिअरचा तीन नंबर

आश्विनातलं कडक ऊन पडलं आणि सासूबाईंनी, म्हणजे चित्राबाईंनी, घरातले ठेवणीतले कपडे गच्चीवर न्यायचा हुकूम काढला. शालू, रजया, स्वेटरं, सगळं. पावसाळाभर कोंदटलेल्या कपड्यांना दिवाळीआधी ऊन दाखवायचं, ही पद्धत अमरावतीला स्वरदाच्या माहेरीही होती. म्हणून तिला वाटलं, आशयच्या शर्टांनीच काय पाप केलंय?

एवढंच. पुढचं सगळं या एवढ्याशा कळवळ्यातून झालं.

शर्ट म्हणजे ऑफिसचे नव्हेत. लग्न जमवताना मुलाला कसला नाद नाही, सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही, असं सांगण्यात आलं होतं, आणि ते खरंच होतं. इंग्लंडातल्या फुटबॉल क्लबांचे तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे शर्ट जमवतो का, हे विचारायचं अमरावतीत कोणाला सुचणार? असे चौदा शर्ट लोखंडी कपाटात बटर पेपरात गुंडाळून झोपलेले होते. त्यांना जर्सी म्हणायचं नाही, शर्टच म्हणायचं. डांबराची गोळी नाही, इस्त्री नाही, हँगर तर नाहीच. चित्राबाई त्यांना 'आशयची बनियनं' म्हणत आणि आशय दर वेळी तेवढ्याच शांतपणे त्यांची चूक दुरुस्त करी.

आशय नव्या रायपुरात एका सरकारी कार्यालयात नकाशे काढतो. बोलणं बेताचं. भाजीत मीठ जास्त झालं तर पाण्याचा तांब्या जवळ ओढतो, तेवढीच तक्रार. पण त्या चौदातल्या एका शर्टाचा विषय काढा, गडी वीस मिनिटं थांबायचा नाही. ओल्डमिअर रोव्हर्स नावाच्या एका छोट्या क्लबचा पांढरा सुती शर्ट, मरून कॉलर, पाठीवर तीन नंबर. कॉलरच्या आत, लेबलाच्या खाली, काळ्या शाईत एक खूण: दोन ठिपके, एक फुली आणि एक आकडी. आशयचा सिद्धान्त असा, की क्लबच्या कपडेवालीनं प्रत्येक खेळाडूला वेगळी खूण दिलेली असणार. म्हणजे हा शर्ट दुकानात टांगलेला नव्हे, मैदानात उतरलेला. अस्सल. दिल्लीच्या ज्या विक्रेत्याकडून ऑनलाइन घेतला, त्यानंही 'थेट ओल्डमिअरहून' असंच लिहिलं होतं.

आणि येत्या रविवारी भिलाई, बिलासपूर, नागपूर इथले पाच संग्राहक घरी येणार होते. ऑफिसात आशयला 'विलायती चिंधीवाला' म्हणत. त्याची गोष्ट मन लावून ऐकायला माणसं घरी येणार, हे आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. भिलाईच्या शिशिर देवांना त्यानं त्या खुणेवर दोन पानांचा लेख आधीच पाठवला होता. मग शुक्रवारपर्यंतच्या दौऱ्यावर तो जगदलपूरला गेला, आणि इकडे ऊन पडलं.

स्वरदानं फक्त तीन नंबर बाहेर काढला. (रविवारी त्याचाच मान म्हणून. बाकीच्या तेरांना हात लावायचा धीरही नव्हता.) पालथा करून स्वच्छ चादरीवर ठेवला, बाजूला बसून राहिली. दहा मिनिटांनी कुकरची शिट्टी झाली, ती दचकून खाली पळाली. वर आली तोवर वारा फिरला होता.

भनपुरीच्या कारखान्यांकडून वारा आला की आमच्या बाजूच्या गच्च्यांवर काय येतं, ते इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बारीक, मऊ, काजळीसारखी काळी धूळ. तिला हात लावायचा नाही, झटकायची. पण स्वरदाला रायपुरात येऊन आठच महिने झाले होते. तिनं पदराचं टोक ओलं केलं आणि पुसलं.

ज्यानं कोणी ओली काजळी पांढऱ्या सुतावर पुसली आहे, त्याला पुढचं सांगायला नको. बोटभर डागाचा वीतभर पट्टा झाला. स्वरदाला आधी घाम फुटला, मग रडू फुटलं. चित्राबाईंनी चष्म्यावरून पट्टा पाहिला आणि म्हणाल्या, बनियनासाठी रडतात का कोणी, सुखरामला दे. सुखराम म्हणजे गुढ़ियारीचा धोबी, त्याच्या वडिलांपासून त्या पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले, कपडे धुणारा. स्वरदानं त्याला चारचारदा बजावलं: भट्टी नको, नीळ नको, आपटू नको, पिळू नको. त्यानं ऐकून घेतलं आणि, मग दीदी, याची पूजा करू का, असं नम्रपणे विचारलं.

गुरुवारी दुपारी तो शर्ट घेऊन आला. डाग गेला होता. शर्ट असा निघाला होता, की स्वरदाला सुखरामचे पाय धरावेसे वाटले. पण सुखराम दारातून हलेना. त्यानं कॉलर उलटली आणि अंगठा त्या खुणेवर ठेवला.

"दीदी, ये तो हमर ददा के निशान हे."

स्वरदाला वाटलं, आपल्याला नीट कळलं नसेल. तिनं पुन्हा विचारलं. सुखरामनं मग शाळेतल्या मास्तरांसारखं समजावून सांगितलं. भेलव्याच्या रसानं, म्हणजे आपल्या बिब्ब्यानं, धोबी खूण घालतात. कापड फाटेल, खूण जात नाही. दोन ठिपके म्हणजे गुढ़ियारीतली रेल्वेची क्वार्टरं. फुली म्हणजे मालधक्क्यावरचे हिरालाल बाबू. आणि आकडी म्हणजे खुद्द ददा, त्याचे वडील; ती दुसरं कोणी घालू शकत नाही. ददाला सही करता येत नव्हती, पण ही आकडी यायची. वडील जाऊन नऊ वर्षं झाली, असं म्हणून त्यानं तो अंगठा कपाळाला लावला आणि सायकल काढून गेला.

स्वरदा खुर्चीवर बसली ती चहाच्या वेळेपर्यंत. ओल्डमिअरची कपडेवाली तिच्या डोळ्यांदेखत वारली होती. आता रविवारी पाच माणसांसमोर आशय कॉलर उलटणार, वीस मिनिटं बोलणार, आणि त्या पाचांपैकी एकाच्याही घरी जुना धोबी असला, तर तो मिशीत हसणार. न सांगावं, तर त्याची फजिती. सांगावं, तर ज्या एका गोष्टीवर हा माणूस फुलतो ती आपण स्वतःच्या हातानं खुडायची. शिवाय कपाट उघडलं, हेही कबूल करायचं. तिनं कागदावर मुद्दे काढले. पहिला मुद्दा 'सूर्यप्रकाशाचे महत्त्व' असा होता. (एम.एस्सी., वनस्पतिशास्त्र.)

शुक्रवारी सकाळी आशय आला. चहाचा कप त्याच्या हातात देऊन तिनं पहिला मुद्दा सुरू केला आणि दुसऱ्या वाक्याला सगळं एकदम सांगून टाकलं. ऊन, काजळी, पदर, सुखराम, बिब्बा, ददा. आशयनं शर्ट आणून कॉलर उलटली, खूण पाहिली, पुन्हा पाहिली. पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

"मी शिशिरजींना दोन पानं लिहून पाठवलीत," तो शेवटी म्हणाला.

"माहितीये."

"त्यात त्या बाईचं मी वयही लिहिलंय. अंदाजे साठ."

स्वरदाला हसू यायला नको होतं. आलं. आणि ते आलं म्हणून ती इतकी घाबरली, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आशयनं अंगठा त्या खुणेवरून फिरवला. मग त्यानं जे विचारलं, त्यावरून तिला पहिल्यांदा कळलं, की आपण नक्की कोणाशी लग्न केलं आहे.

"हे हिरालाल बाबू अजून गुढ़ियारीतच राहतात का?"

शनिवारी दोघं शोधत गेली. हिरालाल मेश्राम मूळचे भंडाऱ्याकडचे, रेल्वेतून निवृत्त होऊन बारा वर्षं झालेली. जयभीम-नमस्कार झाले, त्यांच्या पत्नी शांताबाईंनी चहा टाकला. हिरालालकाकांचं पोट चांगलं सुटलेलं होतं आणि गुडघे बसताना वाजत. आशयनं पिशवीतून शर्ट काढला. आधी त्यांनी आपले हात लुंगीला पुसले.

मग मात्र आशयला लाजवील असे बोलले. गोल बाज़ारात विलायती जुन्या कपड्यांचा ढीग लागायचा, त्यात हा तळाशी सापडला होता. रेल्वेच्या टीममध्ये ते डाव्या बाजूचे बॅक. नंबर तीन, म्हणजे जणू त्यांच्याच नावानं समुद्र ओलांडून आलेला. अकरा वर्षं दर रविवारी घातला. बिलासपूरच्या टीमशी खेळताना बाही उसवली, तिचा टाका तो हा, असं म्हणत त्यांनी तो न बघता बोटानं शोधून दाखवला. मग एका दिवाळीत घरातून गायब झाला. कुठे गेला, काहून गेला, पत्ता लागला नाही.

"त्या साली मी खेळाचंच सोडून देल्लं," ते म्हणाले. "लोक म्हणत, वय झालं. मले वाटे, शर्ट नाही."

येताना आशय स्कूटर हळू चालवत होता. रेल्वे फाटकाशी थांबल्यावर तो मागे वळून म्हणाला, उद्या काकांना बोलावलंय. स्वरदा दचकली, पण सवयीपुरतीच.

रविवारी पाच संग्राहक आपापले शर्ट बटर पेपरात घेऊन आले, स्थळ पाहायला आल्यासारखे ओळीनं बसले. चित्राबाईंनी कौतुकानं पोहे दिले आणि, तुमच्याही घरी अशी बनियनं आहेत का, असं एकेकाला विचारलं. आशयनं उभं राहून सांगितलं, की माझा लेख चुकीचा आहे. खूण ओल्डमिअरची नाही, गुढ़ियारीची आहे. एवढं म्हणताना त्याचे कान लाल झाले. मग त्यानं काकांकडे हात केला आणि खाली बसला. वीस मिनिटं काका बोलले.

शिशिर देवांनी भिंग बाहेर काढलं होतं, ते मिटून खिशात ठेवलं. म्हणाले, माझ्याकडे एकतीस शर्ट आहेत, आणि त्यांतल्या एकाच्याही माणसाला मी चहा पाजलेला नाही.

काकांनी शर्टाची घडी घातली, नीट, पोलिसखात्यात घालतात तशी, आणि आशयच्या मांडीवर ठेवली. ती शांतता स्वरदाला सोसली नाही. (तिला कुठलीच सोसत नाही.) तिचाच आवाज तिला ऐकू आला आणि ती दचकली.

"काका, एकदा घालून तर बघा."

डोकं सहज गेलं. उजवा हात गेला. डाव्यासाठी नागपूरचे दोघे मदतीला उठले. छातीपर्यंत शर्ट आला आणि पोटाच्या वरच्या उतारावर थांबला. ना खाली, ना वर. खांद्याजवळ शिवण 'टिक' करून वाजली. पाचही जणांनी एकदम श्वास रोखला. जुन्या शिवणीबद्दल त्या खोलीत जेवढं ज्ञान होतं तेवढं मध्य भारतात इतर कुठं नसेल, आणि त्या ज्ञानाचा निष्कर्ष एकच होता: कोणी हात लावू नका. बिलासपूरचे गृहस्थ म्हणाले, काकांनी श्वास सोडून पाहावा. काकांनी सोडला. पोट तिथंच राहिलं.

चित्राबाई स्वयंपाकघरातून भाजीची कात्री घेऊन आल्या.

सगळे आशयकडे बघू लागले. स्वरदाही बघत होती, आणि तिला वाटलं, हे आपण केलं, उन्हापासून पोटापर्यंत सगळं आपणच. आशयनं कात्रीकडे पाहिलं, मग काकांकडे. काका दोन्ही हात वर केलेल्या अवस्थेत, पोट उघडं टाकून, आरशातल्या स्वतःकडे बघत होते. पाठीवरचा तीन नंबर दिसावा म्हणून मान वळवून वळवून बघत होते.

"राहू द्या, काका," आशय म्हणाला. "असेच जा घरी. तुमचाच आहे."

"साहेब, तुमचं लय नुसकान होऊन राहिलं."

"नाही होत," आशय म्हणाला. ते त्यानं इतक्या हळू म्हटलं, की फक्त स्वरदाला ऐकू गेलं.

शिशिर देवांनी काकांना आपल्या गाडीतून सोडलं. ती भिलाईची वाट नव्हती. खिडकीतून काकांचा हात बाहेर होता, कारण तो खाली येत नव्हता.

त्या रात्री स्वरदा आठवड्यात पहिल्यांदा शांत झोपली. आपल्या हातून, चुकत-माकत का होईना, काहीतरी मोठं, उदात्त घडलं, अशी तिची खात्री झाली होती. सकाळी भांडी विसळतानाही ती मधूनमधून थांबून स्वतःकडे जरा आदरानं बघत होती.

दहा वाजता शांताबाई आल्या. एकट्याच, पदराखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. शर्ट निघाला, फाटला नाही, नवरा तो उशाशी घेऊन झोपला, हे सांगून झाल्यावर त्या सरळ स्वयंपाकघरात शिरल्या, दार लोटलं आणि कागद सोडला. आत स्टीलची परात होती, जुनी, जाड काठाची. त्या वर्षी दिवाळीत दारात भांडेवाली आली, तिला त्यांनी तो शर्ट देऊन ही घेतली होती. इतकी वर्षं रोज तिच्यात कणीक मळताना नवऱ्याकडे पाठ करून मळली. आता शर्ट परत आला, तर परात ठेवून घेणं बरं दिसत नाही. यांना मात्र सांगू नका.

चित्राबाईंनी परात हातात तोलली. उलटी केली. बोटाच्या पेरानं वाजवून पाहिली.

"एका बनियनावर दिली?" त्यांनी विचारलं.

"झाकण बी मांगितलं होतं, त्याच्यावर भांडेवाली राजी नाही झाली," शांताबाई म्हणाल्या. मग दोघींनी मिळून स्वरदाकडे पाहिलं, ज्या घरात तोच शर्ट पाच साक्षीदारांसमोर फुकट गेला त्या घराच्या सुनेकडे पाहावं तसं.

"पोट्टी मनाची लय चांगली आहे जी तुमची," शांताबाई चित्राबाईंच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या. "फक्त भांडेवालीसमोर तिले एकटी नका उभी करू."