आधी खिचडी, मग मन

जानेफळच्या समाजमंदिराबाहेर महेजबीननं चुलीवर खिचडीचा गंज चढवला, तेव्हा आपल्या शास्त्राबद्दल तिला तिळभरही शंका नव्हती. समुपदेशनाच्या प्रशिक्षणात माणसाच्या गरजांच्या पाच पायऱ्या तिनं घोटून पाठ केल्या होत्या: सगळ्यात खाली पोट, त्यावर सुरक्षितता, मग माया, मग मान आणि शेंड्यावर जन्माचं सार्थक. खालची भरल्याशिवाय वरची चढता येत नाही. त्या साली गुलाबी बोंडअळीनं बीटी कपाशीची बोंडं आतून पोखरली होती, आणि गावात कुणी कुणाशी मोकळं बोलत नव्हतं. गावाला आज बोलतं करायचंच, असा चंग बांधून ती आली होती. आधी पोटभर खिचडी, मग मनाच्या गोष्टी.

खिचडी शिजली, पंगत बसली, ताटं वाढली. पण घास कुणी उचलेना.

"काय झालं?" महेजबीननं विचारलं.

"जानराव नाही आले नं," रुखमाबाई म्हणाल्या. "मोठं माणूस हाये गावातलं. त्याइच्या आधी कसं जेवाव?"

निरोप गेला. उत्तर आलं, पोट दुखते. महेजबीन हटणारी नव्हती. ओवा घेऊन ती स्वतःच निघाली. जानरावांचं पोट दुखतंय म्हटल्यावर रुखमाबाई निघाल्या, आणि त्यांच्यामागे अख्खी पंगत उठली. चुलीवरचा गंज उतरवायचं कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही.

जानराव ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. ओवा पाहून म्हणाले, "डोकं दुखते."

"मघाशी पोट होतं ना, काका?"

"सरकलं वर."

महेजबीननं तिथंच बैठक मारली. "तुम्ही आल्याशिवाय मी उठणार नाही."

जानराव भिंतीकडे पाहतच बोलले. "कोणत्या तोंडानं येऊ, बाई? ते कपाशीचं बियाणं घ्या म्हून म्याच सांगतलं साऱ्याइले. आता त्याइच्याच पंगतीत बसून जेवू?"

   रुखमाबाई धीर द्यायला पुढं सरसावल्या.

"काऊन जिवाले लावून घेता, भाऊ? तुमच्या सांगण्यानं कोणीच नाही घेतलं. दुकानात तेच होतं म्हून घेतलं. तुमचं आयकते कोण गावात?"

जानरावांची मान गर्रकन वळली. "म्हंजे?"

"तुमी सांगता, आमी हाव म्हणतो अन् घरी जातो."

"मंग माह्याबिगर जेवत काऊन नाही?"

"तो मान हाये. आयकणं अलग."

जानराव ताडकन उठले. "चला बे सारे! म्या कोणाले काय सांगतलं, एकेकाले तोंडावर इचारतो!"

समाजमंदिरात भांडण असं रंगलं, की ताटात वरून वाढलेली खिचडी करपलेली आहे हेही कुणाला जाणवलं नाही. जानराव एक घास घेत आणि एकाला झापत. त्यांना उत्तर देता देता लोक बोंडअळीवर बोलले, उडालेल्या झोपेवर बोलले. एकदोघांनी डोळेही पुसले. जानरावांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

तेवढ्यात प्रशिक्षण देणाऱ्या साहेबांचा फोन आला. "काय महेजबीन, आधी पोटं भरली ना?"

"नाही सर. आधी भांडण झालं, मग जेवले."

"भांडण? ते कोणत्या पायरीवर येतं?"

महेजबीननं गंजात डोकावून पाहिलं. तळाशी नुसती खरवड उरली होती, आणि रुखमाबाई तीही खरवडायला लागल्या होत्या.

"शोधून सांगते, सर," ती घाईघाईनं म्हणाली. "आत्ता मी पहिल्याच पायरीवर आहे."