अण्णाजींची पगडी आणि कोराडीचे पाहुणे

आमचे शेजारी अण्णाजी पाखरं पाहायला निघतात ते लग्नाला निघाल्यासारखे. धुवट धोतर, बंद गळ्याचा कोट आणि डोक्यावर आजोबांची जरीची पगडी. आजोबा मराठ्यांच्या दरबारी कारकून होते. ती राजवट बुडाली, इंग्रज आला, पण पगडी शाबूत राहिली. कोणी हसलं की अण्णाजींचं उत्तर ठरलेलं.

"हिमालयाच्या पलीकडून येऊन राहिले ते. आपण कसंही जाऊन उभं राहायचं? पाहुण्यांसमोर बरं दिसते का?"

'बरं दिसते का?' हे त्यांचं पालुपद. सेक्रेटरिएटात हेडक्लार्क असताना गोऱ्या साहेबापुढेही आपण कधी वाकलो नाही, असं ते सांगतात. आम्ही नागपूरच्या महाल भागातली माणसं त्यात आणखी थोडी भर घालून सांगतो. आमच्या आळीत मिरवण्यासारखं दुसरं आहे काय?

दसरा झाला की कोराडीच्या तलावावर चक्रवाक उतरतात आणि आमची बैलांची दमणी निघते. देवीच्या धर्मशाळेत मुक्काम, तीन दिवस नुसती पाखरं. यंदा अण्णाजी, देवीच्या दर्शनाचं निमित्त काढून येणाऱ्या त्यांच्या पत्नी म्हणजे आमच्या काकू, मी आणि नवे म्हणून कामठीचे पाठकमास्तर. मास्तरांकडे दुर्बीण होती, म्हणून त्यांना आग्रहाने बोलावलेलं. पण त्यांच्या कोटाचं एक कोपर फाटलेलं निघालं. अण्णाजींनी तलावाकडे धड कोपर येईल अशा बेताने त्यांना बांधावर बसवलं. बिचारे निमूट बसले.

आता त्या पगडीची एक गोष्ट सांगायलाच हवी. अण्णाजींना एकुलती एक लेक, यमू. तिला ग्वाल्हेरला दिली. लग्नात मानपानावरून व्याही रुसले आणि म्हणाले, पगडी पायावर ठेवून माफी मागा. अण्णाजी भर मांडवात म्हणाले, "पोरगी दिली. पगडी नाही देणार." आमची तर छाती फुगली! पण व्याहीही हट्टाला पेटले. पगडी पायावर येईल तेव्हाच सून माहेरी जाईल, असं त्यांनी बजावलं. तेव्हापासून यमू ना दिवाळसणाला आली, ना बाळंतपणाला. अण्णाजी तिचं नाव काढत नाहीत. उत्तरेकडून थवा आला की मात्र मला हळूच विचारतात, "ग्वाल्हेरवरूनच आले असतीन न गा?"

तर पहिल्या दिवशी सकाळी थवा आला. केशरी अंगाचे, काळ्या शेपटीचे चक्रवाक. तलावावर एक घिरटी घेतली, खाली येता येता एकदम बिचकले आणि वर गेले. पुन्हा आले, पुन्हा तेच. मास्तरांनी दुर्बीण खाली घेतली.

"अण्णाजी, रागावू नका. तुमची जरीची पगडी उन्हात चमकून राहिली. पाखरं भिऊन राहिले. जरा काढून ठेवता का?"

मास्तरांना बिचाऱ्यांना ग्वाल्हेरचं काय ठाऊक! अण्णाजींचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी पगडी दोन्ही हातांनी घट्ट धरली, जणू मास्तर ती पळवूनच नेणार होते. तेवढ्यात थवा पळसांच्या वरून दूर वळू लागला. मागे बसलेल्या काकू आपल्याशीच बोलाव्यात तशा म्हणाल्या, "दमले असतीन. दारापर्यंत येऊन परत जाऊन राहिले."

अण्णाजींनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग पगडी उतरवली आणि काकूंच्या मांडीवर ठेवली.

त्यांचं टक्कल मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. तेही बऱ्यापैकी चमकत होतं, पण पाखरांनी ते चालवून घेतलं. थवा वळला, खाली आला आणि पाणी कापत तलावात उतरला. अण्णाजींनी पाहुण्यांना रीतसर नमस्कार केला.

मग म्हणाले, "काढली तर काही बिघडलं नाही गा. डोकं जागेवरच आहे."

त्यांनी टकलावरून एकदा हात फिरवला.

"सायंकाळी दमणी जुंपा. मले ग्वाल्हेरची गाडी पकडायची आहे. पाखरांसाठी उतरते, तर पोरीसाठी काहून नाही?"

पहिल्याच दिवशी सहल मोडली. पण मांडवात त्यांचा जेवढा अभिमान वाटला होता, त्याहून जास्त त्या बांधावर वाटला, हे सांगायला मला लाज नाही.

काकूंनी पदराने पगडीवरची धूळ पुसली, ती त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि नीट बसवली.

"जाताना डोक्यावरच असू द्या," त्या म्हणाल्या. "दारात यमू उभी असन. तिले एकदा डोळा भरून पाहू द्या. मंग उतरवा."