चौकीभोवतीची गुन्हेगारी

गुन्हा माणसाच्या मनात जन्मतो, असं अडाणी लोक समजतात. खरं तर तो पोलीस चौकीच्या आसपास जन्मतो. हा शोध खाडीपट्ट्यातल्या एका चौकीच्या नीलकंठसाहेबांचा. पेण ते रोहा असा नकाशा भिंतीवर ठोकून त्यांनी दर तक्रारीला एक लाल टिकली चिकटवली. (टाचण्या मंजूर नव्हत्या, टिकल्या घरच्या.) वर्षअखेरीस चौकीभोवती गोवर उठला आणि लांबच्या वाड्या कोऱ्या करकरीत राहिल्या. निष्कर्ष उघड होता: चौकीपासून जितका लांब, तितका माणूस सज्जन. (त्या वाड्यांतून चौकीला यायला दोन एसट्या बदलाव्या लागतात, पण तो प्रश्न परिवहनाचा, शास्त्राचा नव्हे.)

हौसाबाई अशाच एका सज्जन वाडीत राहायची, जोहे गावाच्या पलीकडे. गणपतीचा एकच रबरी साचा, नवऱ्यानं मरण्याआधी केलेला. त्यावर तिचा कारखाना, म्हणजे पडवी, चाले. ऐन हंगामाच्या तोंडावर साचा चोरीला गेला. शेजारच्या पोपटनं नेला, हे वाडीतल्या कुत्र्यांनासुद्धा ठाऊक होतं. पण कोऱ्या वाड्यांना साहेब 'गुन्हामुक्त' म्हणून गौरवणार होते आणि मंडपवाल्याला सांगून झालं होतं.

"गो हौसा, एका साच्यापायी वाडीचं नाव घालवतेस?" सरपंच म्हणाले.

"नाव तुमचं, पोट माझं हाय," म्हणत ती एसटीत बसली.

चौकीत जमादारानं भिंतीकडे बोट केलं. "बाय, तुमच्याकडं चोरी होतच नाय. बघ, टिकली हाय का?"

"मंग साचा काय पायांनी चालत गेला?"

"खाडी हाय ना जवळ? भरतीनं नेला असंल."

तशी नोंद झाली. भरती ही नैसर्गिक आपत्ती, म्हणून बाईला तहसीलला धाडलं. तहसीलवाल्यांनी पडवी पाहिली. ती कोरडी ठणठणीत. खोटी माहिती दिल्याची तक्रार उलट हौसावरच झाली. टिकली लागली ती तहसील कचेरीवर. वाडी कोरीच राहिली.

मग गौरव समारंभ. साहेबांना गणपतीची मूर्ती भेट दिली 'होतकरू कारखानदार' पोपटनं. सोंडेचं वळण बघताच हौसा उभी राहिली. "साहेब, ह्यो गणपती माझ्या साच्यातला हाय! माझ्या घरधन्याच्या हातचा!"

साहेब गहिवरले. माइकवरून म्हणाले, "पाहिलंत? या गावात माझं-तुझं उरलेलंच नाही." टाळ्या थांबेनात. हौसाला नारळ दिला आणि खाली बसवलं.

हल्ली ती पोपटच्याच कारखान्यात मजुरीवर गणपतीचे डोळे आखते. पोटाचा प्रश्न सुटला, असं सरपंच सांगतात.

पोपटचा माल पेणच्या बाजारात सगळ्यांत स्वस्त. गेल्या चतुर्थीला तुम्हीही तिथूनच मूर्ती घेतलीत. भाव तीनदा पाडलात, वर "डोळे काय जिवंत आहेत हो!" म्हणालात. साचा कुणाचा, ते मात्र विचारलं नाहीत.