हबला हात लावून सांग

हसनाबादचे गणपत मिस्त्री आधी ड्रायव्हरकडून गुन्हा कबूल करून घेतात, मंगच गाडीला हात लावतात. मिस्त्री आहेत की फौजदार, तेच कळत न्हाई!

केदारखेड्याहून ट्रकमध्ये मोसंबी भरून निघालो आणि हसनाबादजवळ मागच्या चाकातून धूर निघाला. चैत्राचं ऊन. माल सकाळपर्यंत नाशिकच्या बाजारात पोचला नसता, तर मऊ पडून वाया गेला असता आणि बागवाल्यानं मला पुन्हा दारात उभं केलं नसतं.

मिस्त्रींनी चाक उतरवलं, वाकून पाहिलं आणि विचारलं, "ग्रीस कधी भरलं व्हतं?"

मागच्या महिन्यात, असं मी ठोकून दिलं. त्यांनी पाना खाली ठेवला आणि बिडी शिलगावली. अर्धा तास! माझी मोसंबी उन्हात शिजून राह्यली आणि हा माणूस लिंबाला टेकून बसलेला. शेवटी चरफडत कबूल केलं की दिवाळीपासून भरलंच न्हाई. "बराबर," म्हणाले आणि उठले.

बेरिंग जळून आतल्या दांड्याला घट्ट चिकटलेलं, त्यामुळं हब, म्हणजे चाकामागचा लोखंडी तुंबा, निघेना. मी घण उचलला, तर त्यांनी तो हिसकावून घेतला. लोखंडावर हात उचलायचा न्हाई, म्हणे. डिझेल सोडायचं, हब ओढून काढायचा पुलर पाव फेरा आवळायचा, चहा प्यायचा. पुन्हा पाव फेरा, पुन्हा चहा. मी मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पाचव्या चहाला हब सुटला, तोही एकही घाव न घालता. याचा तर मला जास्तच राग आला.

नवं बेरिंग बसवून वर फर्मान सोडलं: वाटेत थांबून हबला हात लाव, गरम लागतो की थंड ते फोनवर सांग. माझा नंबर त्यांनी खडूनं भिंतीवर लिहून घेतला. मी काय त्यांचा नोकर? मुद्दाम फोन केला न्हाई.

दिवस मावळता वैजापूरला थांबलो, तर त्यांचाच फोन.

"काय तगादा लावलाय, मिस्त्री?" मी खेकसलो.

"माझं पोरगं गुजरातला गाडी चालवतं. त्याला इचारलं तर फोन कापतं. तू कापला न्हाईस म्हून इचारून राह्यलो."

मी मुकाट्यानं मागं गेलो, हबवर हात ठेवला. थंड होता. तसं सांगितलं, तरी हात काढवेना. घाई होती, पण एक चहा मागवला आणि त्यांच्याशी बोलत बसलो.

सकाळी मोसंबी उतरली, चांगली कडक. ते सांगायला मिस्त्रींना फोन मात्र मी आपणहून केला.