रंभेचं पोट

रामहरींनी बुधवारी डबा खाता खाता मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला आणि तिथून सगळं रामायण सुरू झालं. एरवी जेवताना ते क्रिकेट बघायचे, पण त्या दिवशी कुठं मॅच नव्हती. व्हिडिओ होता शेळ्यांच्या पोटफुगीवर, सात मिनिटांचा. पहिली चार मिनिटं पाहूनच रामहरी त्या विषयातले जाणकार झाले. (उरलेली तीन राहून गेली, कारण साहेबांनी फाइल मागितली.)

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका सरकारी कचेरीत रामहरी वरिष्ठ लिपिक होते. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातून चूक अशी झालीच नव्हती, निदान त्यांच्या लक्षात राहील अशी. घर होटगी रोडकडच्या वस्तीत. दारात एक काळीभोर उस्मानाबादी शेळी, नाव रंभा. ती बायकोनं, म्हणजे सोनाबाईंनी, बार्शीकडच्या माहेरातून करडू असताना मांडीवर घेऊन एस्टीनं आणलेली.

संध्याकाळी घरी आल्यावर रामहरींनी बूटसुद्धा न काढता रंभेकडं पाहिलं. पोट चांगलंच सुटलेलं होतं. त्यांनी खाली बसून कुशीवर टिचकी मारली, डोळे मिटून आवाज ऐकला आणि निकाल दिला.

"गॅस आहे."

"काय तरीच! चांगली खातीया की ती," सोनाबाई म्हणाल्या.

"तोच तर प्रॉब्लेम आहे. उद्यापासून भरडा बंद, पेंड बंद. मूठभर कडबा आणि पाणी. आठ दिवसांत पोट जागेवर येतंय की नाही बघ."

सोनाबाईंनी कुंपणापलीकडच्या सरदारबींकडं पाहिलं. सरदारबींनी आभाळाकडं पाहिलं.

आता तुमच्यापासून काय लपवायचं, रंभा गाभण होती. चांगले चार महिने उलटले होते. सगळ्या गल्लीला हे ठाऊक होतं, फक्त रामहरींना सांगायचं नाही असं ठरलेलं होतं. त्याला कारण होतं. गेल्या वर्षी रंभा पहिल्यांदा गाभण राहिली तेव्हा रामहरींनी दुसऱ्याच दिवशी कचेरीत आगाऊ पेढे वाटले होते. फोनवरून कुर्डुवाडीच्या मेहुण्यापासून निवृत्त झालेल्या साहेबांपर्यंत सगळ्यांना कळवलं होतं. पुढं तिसऱ्या महिन्यात रंभा गाभडली, गर्भ पडला. सोनाबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. नजर लागली, यात त्यांना तिळमात्र शंका नव्हती, आणि नजरेला घरचा पत्ता कुणी दिला यातही नव्हती. म्हणून यंदा त्यांनी ओठ शिवून घेतले होते. करडू सुखरूप हातात येईपर्यंत नवऱ्याला अक्षरही कळू द्यायचं नाही.

इकडं रामहरींचे उपचार जोरात सुरू झाले. सोनाबाईंच्या शिलाईच्या डब्यातली अर्धी तुटलेली टेप घेऊन पहिल्या रात्री आणि मग दर रविवारी ते रंभेच्या पोटाचा घेर मोजत. पहिल्या रविवारी घेर दोन बोटं वाढला. रामहरींनी कडबा निम्मा केला. दुसऱ्या रविवारी तो आणखी तीन बोटं वाढला. रामहरी चक्रावले, पण डगमगले नाहीत.

"ही हवेवर फुगतीय," त्यांनी जाहीर केलं. "मोकळ्या जागेत बांधू नकोस."

घेर वाढणार नाही तर काय होणार? रामहरींची स्कूटर कोपऱ्यावर वळली की गल्ली कामाला लागायची. एका घरातून ज्वारीची भाकरी यायची, दुसऱ्या घरातून मक्याचा भरडा, कुणी शेवरीचा पाला आणून दावणीला टांगायचं. बिचारी पोटुशी आणि घरधनी उपाशी मारतोय म्हटल्यावर माणसांचे हात सैल सुटले होते. रामहरी शेळीला जेवढं कमी घालत, तेवढी ती जास्त जेवत होती.

एकदा ते अर्धी रजा टाकून दुपारीच घरी आले, तर सरदारबी ओटीभर बाभळीच्या शेंगा घेऊन रंभेपुढं उभ्या.

"हे काय, भाभी?"

"मंजनाला, भाऊ," सरदारबी पापणी न हलवता म्हणाल्या. "वाळवून कुटायच्या. दातांना लई चांगलं असतंय."

"एवढ्या शेंगा?"

"घरात दात लई हायत."

रामहरींना ते पटलं. (सरदारबींच्या घरात खरंच अकरा माणसं होती.) त्याच संध्याकाळी त्यांनी सोनाबाईंच्या हातात गोडेतेलाची वाटी आणि खाण्याचा सोडा ठेवला आणि रंभेला पाजायला सांगितलं. सोनाबाई "व्हय व्हय" म्हणून आत गेल्या. त्या रात्री जेवणात गरमागरम कांदाभजी होती. रामहरींनी तीनदा मागून घेतली आणि औषध लागू पडेल असं म्हणाले.

तिसऱ्या रविवारी टेप पुरेना. दुपारी सोनाबाई सरदारबींकडं शेवया घालायला गेल्या होत्या. रंभा एकाएकी खाली बसली, उठली, पुन्हा बसली. खुरानं जमीन उकरायला लागली. मग मान वाकडी करून अशी ओरडली की रामहरींच्या हातातला चहा लेंग्यावर सांडला.

खरं सांगायचं तर रामहरींचा जीव होता त्या शेळीवर. त्यांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. एका हातानं त्यांनी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर, लवकर या हो! पोट फुटायच्या बेतात आहे!"

डॉक्टर पृथ्वीराज दहा मिनिटांत आले. फोनवरचा तो आवाज कुंपणापलीकडं गेलाच होता. सोनाबाई पिठाच्या हातानं धावत आल्या, मागोमाग सरदारबी.

"खायला काय दिलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही. तीन आठवडे जवळजवळ काहीच नाही," रामहरी हुंदका आवरत म्हणाले. "रोज टिचकी मारून तपासतोय. गॅस उतरतच नाही."

"टिचकी कुठं मारताय?"

रामहरींनी दाखवलं.

"ही उजवी कूस, भाऊसाहेब. गॅस धरला तर फुगते ती डावी. इकडं तुम्ही रोज पोरांच्या डोक्यात टिचक्या मारत होता."

"कुणाच्या पोरांच्या?"

उत्तर रंभेनंच दिलं. पुढच्या अर्ध्या तासात एकामागून एक दोन करडं बाहेर आली. एक आईसारखं काळं, दुसऱ्याच्या कपाळावर पांढरा ठिपका. रामहरींनी अंगातला धुतलेला सदरा काढून पहिल्याला पुसलं. ते ओलं पिल्लू हातात थरथरत उभं राहायला बघत होतं, आणि रामहरी बनियनवर बसून लहान मुलासारखे रडत होते.

"तुम्हाला ठाऊक होतं?" नाक पुसत त्यांनी डॉक्टरांना विचारलं.

"दोन महिन्यांपूर्वी मीच तपासली की. लसही तेव्हाच दिली. वहिनींनी शपथ घातली होती."

रामहरींनी बायकोकडं पाहिलं. सोनाबाईंचेही डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता.

"अवो, गेल्या साली काय झालं इसरलासा व्हय? तुमास्नी सांगितलं की साऱ्या हापिसात बोभाटा. मला ह्या खेपंला करडू बघायचं हुतं."

रामहरींनी रंभेच्या पाठीवरून हात फिरवला आणि शब्द दिला, की करडं बारा दिवसांची होईस्तोवर या तोंडातून हूं की चूं निघणार नाही.

सोमवारी ते कचेरीत गेले. सकाळपासून बातमी घशापाशी येऊन धडका देत होती. साहेबांनी "काय विशेष?" विचारलं, तेव्हा ते "काही नाही" म्हणाले आणि त्यांना घाम फुटला. जेवताना डब्यापेक्षा पाणीच जास्त पोटात गेलं. चार वाजेपर्यंत आपल्यासारखा खंबीर माणूस सगळ्या सोलापुरात नाही, अशी त्यांची खात्री झाली.

तेवढ्यात शिपाई चनबसप्पानं कपाटामागून एक पिशवी ओढून काढली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली.

"भाऊसाहेब, हे वैनींस्नी द्या. बाजरी आन् गूळ हाय, बाळंतिणीला. दोन करडं झाली म्हणं!"

रामहरी ताडकन उभे राहिले. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? चार महिनं झालं, पाळीपाळीनं समदेच सरदारबींच्या दारात पाला पोचवतोय की आमी. शनवारी तर साहेबांनी सोताच्या गाडीतनं धाडला."

रामहरींनी मान वळवून पाहिलं. सगळं ऑफिस त्यांच्याकडं बघून कौतुकानं हसत होतं. ते मटकन खुर्चीत बसले.

"चार महिने? एवढ्या लोकांना ठाऊक, आणि बातमी फुटली कशी नाही?"

"फुटंल कशी, भाऊसाहेब?" चनबसप्पा म्हणाला. "एक तुमास्नीच तेवढी ठाऊक नव्हती की."